ऐकल्याची पोच

संशयी : दादा, ऐकण्याचं महत्त्व मला नका सांगू. मी जन्मभर ऐकूनच घेतलंय. आणि आधी हा शब्द तर तपासा. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणतो तेव्हा आपण त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेतो का? ऐकत नाही म्हणजे सांगितलेलं करत नाही. ‘साहेबांनी ऐकवलं’ म्हणजे झापलं. ‘सुनेनं जरा ऐकून घ्यावं’ म्हणजे गप्प बसावं. ‘गावात त्याचं कोण ऐकतं?’ म्हणजे त्याच्या हातात काही नाही. ऐकणारा खालच्या पायरीवर आणि ऐकवणारा वरच्या, हे आपल्या भाषेनं कधीच ठरवून टाकलंय. म्हणून ‘समोरच्याचं मनापासून ऐका’ असं कुणी व्याख्यानमालेत सांगायला लागलं की मी वक्त्याकडे बघत नाही, सभागृहाकडे बघते. पुढच्या चार रांगांत बायका. माना डोलावतायत, एखादी तर वहीत उतरवून घेतेय. त्यांना ऐकायला शिकवायचं? ज्यांना शिकवायला हवं ते बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत असतात. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या माणसांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर निघाल्या. लोक म्हणतात, केवढं हे भांडार! मला दुसरंच दिसतं. एवढं बोलायचं होतं या बायकांना, आणि ऐकायला घरात होता तो दगड.

आग्रही : नुसता दगड नव्हे, ताई. माझ्या आजोळी जातं होतं. मोठं दळण असलं की आजी आणि तिची धाकटी जाऊ समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. दिवसभर त्यांचं पटायचं नाही. ताकावरून, सरपणावरून, कशावरूनही वाजायचं. पण पहाटे एकीनं माहेर काढलं की दुसरी तिची ओवी संपू द्यायची आणि मग त्याच चालीत आपलं माहेर पुढं जोडायची. समजूत काढणं नाही, ‘तू असं कर’ नाही. दोघींपैकी कुणाच्या नावावर हातभर जमीन नव्हती, कुणाच्या कनवटीला पैसा नव्हता. म्हणजे तुमच्या हिशेबानं त्या ऐकण्याला काडीची किंमत नाही. तरी पन्नास वर्षांनंतर आजी त्या जावेबद्दल बोलायची ती भांडणं विसरून. पुढं गावात गिरणी आली. हाताचे घट्टे गेले, फार चांगलं झालं, जातं परत यावं असं मी म्हणणार नाही. पण त्या दोघींचं समोरासमोर बसणं बंद झालं आणि भांडणं तेवढी शिल्लक राहिली.

संशयी : त्या पहाटे उठायच्या पीठ हवं म्हणून. ओवी ही दळणावरची वरकड.

आग्रही : असेल. मग ज्याला पीठ नको, काहीच नको, तरी बोलायचंय, अशा माणसाचं सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एका हेल्पलाइनवर बसतो. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, सल्ला द्यायचा नाही. मला ते पटेना. तेहेतीस वर्षं कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस मी, समोरच्यानं अडचण सांगायच्या आधी माझ्याकडे योजना तयार. पण लंडनची एक गोष्ट ऐकली. १९५३ साली चॅड व्हारा नावाच्या पाद्र्यानं आत्महत्येच्या काठावर असलेल्यांसाठी फोन सुरू केला. खरं बोलणं त्याच्याशीच व्हायचं होतं. गर्दी वाढली तेव्हा बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, चार शब्द बोलायला त्यानं काही साधी माणसं बसवली. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की बरेच जण बाहेरच बोलतात, हलके होतात, आणि आत यायची गरजच त्यांना उरत नाही. त्यानं पुढच्याच वर्षी फोनचं काम त्या बाहेरच्यांच्या हाती दिलं. मलाही एक फोन आठवतो. पलीकडून शब्द नाही. नुसता पंखा फिरतोय, कुठंतरी कुकरची शिट्टी. मी एवढंच म्हटलं, मी आहे. मिनिटं गेली. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मग ती बाई म्हणाली, ‘गॅस बंद करून येते, ठेवू नका.’ आली, आणि पाऊण तास बोलली. मी काय केलं? काही नाही. पण तिला काहीच मिळालं नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

संशयी : कुकरचीच गोष्ट तुम्ही काढलीत, बरं झालं. शिट्टी झाली की वाफ जाते आणि कुकर फुटत नाही. शिट्टीचं काम तेवढंच. तिचा नवरा, तिचं कर्ज, तिचं जे काय असेल ते, फोन ठेवल्यावर जागच्या जागी. मला भीती आहे ती याच मोकळं होण्याची. माणूस मोकळा झाला की तक्रार करायचा थांबतो. आणि नुसतं मोकळंच व्हायचं असेल तर माणूस तरी कशाला हवा? १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकाचा कार्यक्रम लिहिला. तुम्ही टंकलेलं वाक्य उलटवून तो प्रश्न करायचा, बस. ‘आईशी पटत नाही’ म्हटलं की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’, अशा धर्तीचं. खुद्द त्यांची सेक्रेटरी, जिनं तो तयार होताना महिनोन् महिने पाहिला होता, ती त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळानं साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम हादरले. मला त्यात हादरण्यासारखं काही वाटत नाही. जात्याचा दगड चालत होता, तर टाइपरायटर का नाही चालणार?

आग्रही : पण तिनं बाहेर कुणाला काढलं बघा. माणसाला. म्हणजे खोलीत माणूस असला की तो ऐकेल, आणि ऐकलं की आपल्याबद्दल काही ठरवेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यंत्रासमोर ती स्वतःला ऐकत होती. आपण त्याला ऐकून घेतलं जाणं म्हणतो, तिथं गफलत होते.

संशयी : ठीक, यंत्र सोडू. माणसांचंच घेऊ. माझी तीस वर्षं तहसील कचेरीत गेली, त्यातली बरीच आवक-जावकला. सरकार ऐकतं कसं ते मी सांगते. माणूस अर्ज घेऊन येतो. मी आवक क्रमांक टाकते, तारखेचा शिक्का मारते, त्याच्याजवळच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून देते. तिला म्हणायचं पोच. तो ती पोच घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवी खिशात घालतो, आणि जिना उतरताना त्याचा चेहरा पडलेला नसतो. त्याला वाटतं, काम सुरू झालं. अहो, कागद पोचला, एवढंच त्यावर लिहिलंय! वरच्या पायरीवर याचेच सोहळे. जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी हवी असली की २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी. तीस दिवसांची नोटीस, मांडव, ध्वनिक्षेपक, सगळ्याचं चित्रीकरण. सगळं नियमाला धरून. एका सुनावणीला मला कामावर लावलं होतं. एक म्हातारी माइकसमोर आली आणि तिच्या विहिरीबद्दल बोलायला लागली. कुठल्या साली खणली, किती हातावर झरा लागला, दीर कसा आत पडता पडता वाचला. व्यासपीठावरचे साहेब हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. अगदी तुमच्या हेल्पलाइनवाल्यांसारखे, मध्ये एकदाही तोडलं नाही हो! बाई खाली उतरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, विहीर वाचली. ऐकण्याचा उपयोग असा होतो, दादा. नाही म्हणायला लागू नये म्हणून ऐकायचं. माझं म्हणणं साधं आहे. माझं ऐकू नका, काम करा. पाणी सोडा, पगार द्या, रस्ता करा. ज्याचं काम होतं तो कधी विचारतो का, साहेब तुम्ही मनापासून ऐकलंत ना म्हणून?

आग्रही : विचारतो. आणि विचारायचा त्याला हक्क आहे, असं या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं लिहून ठेवलंय. १९८१ च्या जुलैत मी मुंबईत नुकताच नोकरीला लागलो होतो. भर पावसात फुटपाथवरच्या झोपड्या तोडल्या आणि माणसांना गाड्यांत घालून शहराबाहेर पाठवायला सुरुवात झाली. त्यावर ओल्गा टेलिस ही पत्रकार आणि फुटपाथवर, झोपड्यांत राहणारी काही माणसं न्यायालयात गेली. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ३१४ वं कलम आहे, त्यानं आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवता येतं. पालिकेचा युक्तिवाद तुमच्यासारखाच रोखठोक होता : फुटपाथवर राहायचा हक्क कुणालाच नाही, मग यांचं ऐकून घेऊन निष्पन्न काय होणार? सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. १० जुलै १९८५ ला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, त्यांनी निकाल दिला. त्यात त्यांनी सुनावणीच्या दोन किमती वेगवेगळ्या काढल्या. एक कामाची : ऐकलं तर निर्णय बदलू शकतो, चूक टळू शकते. दुसरी किंमत निकालावर अवलंबूनच नाही. ज्याचं घर तोडायचं त्याला आधी विचारणं, त्याचं म्हणणं घेणं, यात त्याला माणूस म्हणून धरलेलं असतं. विचारत नाहीत ते वस्तूला. खुर्ची हलवताना आपण खुर्चीला विचारतो का? आणि ते कलम नोटीस न देण्याची मुभा देतं, नोटीस देऊच नका असं सांगत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. ताई, ‘ऐकून काय होणार’ हा प्रश्न न्यायालयात गेला होता आणि हरला होता.

संशयी : आणि झोपडीवाले?

आग्रही : ते...

संशयी : थांबलात ना! मी सांगते, महसूल खात्यात राहून मलाही थोडं वाचावं लागलंय. न्यायालय म्हणालं, आयुक्तांनी तुमचं ऐकायला हवं होतं हे खरं. पण आता आम्हीच तुमचं भरपूर ऐकलंय, तेव्हा आयुक्तांनी पुन्हा ऐकायची गरज नाही. झोपड्या काढायला हरकत नाही, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना दुसरी जागा द्या, असंही म्हटलं, जुन्या सुधारलेल्या वस्त्यांनाही थोडं संरक्षण दिलं. बाकीच्यांच्या पदरात काय पडलं? एक पावसाळा. ऐकण्याला स्वतःची अशी किंमत असते हे सांगणारा एवढा मोठा निकाल, आणि ज्यांचं ऐकलं ते हरले. तुम्ही त्याला दुसरी किंमत म्हणा. मी त्याला पोच म्हणते, फार सुंदर अक्षरात लिहिलेली.

आग्रही : ते हरले, मान्य. पण उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्याच निकालानं ठामपणे म्हटलं, आणि हातगाडीवाल्यापासून फेरीवाल्यापर्यंत किती जणांनी पुढं त्याचा आधार घेतला. न ऐकताच हाकललं असतं तर हे वाक्य लिहिलं गेलं नसतं.

संशयी : म्हणजे ज्याचं ऐकलं त्याला नाही, त्याच्या मागून येणाऱ्याला. बरं, एवढं मी घेते. पण हे त्या फुटपाथवरच्या माणसाला समजावून सांगायला मी जाणार नाही, तुम्ही जा.

आग्रही : मग असं उदाहरण देतो जिथं ज्याचं ऐकलं त्यालाच मिळालं. गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच कागदावर. बाई गरोदर नसेल तर आरोग्य खात्याच्या लेखी तिला शरीरच नाही. पण बायका आपसात काय बोलत होत्या? अंगावरून पांढरं जातं. कंबर धरते. कुणाला सांगणार, पुरुष डॉक्टरला? राणीताईंनी ते ऐकलं आणि दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. कशाचा धक्का? त्या बायकांना तर काहीच नवं नव्हतं. गर्भाशयाची नवी शस्त्रक्रिया नव्हती, नवं औषध नव्हतं. ओट्यावर बसून बायका जे बोलत होत्या ते एका बाईनं डॉक्टर असूनही ऐकलं.

संशयी : ‘असूनही’ काय, ‘असल्यामुळे’ म्हणा. माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत! ऐकणाऱ्या बाईच्या एका हातात तपासायचं साधन होतं आणि दुसऱ्या हातात औषध. ती नुसती ‘मी आहे’ म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजत बसली नाही. आणि त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा तुम्ही सोडलात. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या होत्या शंभरात पंचावन्न. रोग निघाला ब्याण्णव जणींना. मधल्या सदतीस जणी? त्या काही बोलल्याच नाहीत. तुम्ही कितीही जीव कानात आणून बसला असतात तरी त्या तुमच्या कानाला लागल्या नसत्या. त्यांना कानानं नाही, तपासणीच्या टेबलानं गाठलं.

आग्रही : त्या सदतीस जणींना त्रास नव्हता असं नाही ना. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असं आईनं सांगितलेलं. जे असायचंच त्याची तक्रार कोण करतं? पंचावन्न जणींचं ऐकलं म्हणून तर उरलेल्यांनाही टेबलावर घ्यायचं सुचलं. न बोललेलं कानावर येतं ते असं, बोललेल्याच्या मागून.

संशयी : इथं मात्र जपून, दादा. ‘न बोललेलं ऐकणं’ हा फार निसरडा दगड आहे. मला जनतेच्या मनातलं कळतं, असं म्हणणारे प्रत्येक निवडणुकीत भेटतात. सासूलाही सुनेच्या मनातलं कळत असतं, आणि ते नेहमी वाईटच असतं. राणीताईंना सदतीस जणींचं न बोललेलं कळलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी अंदाज केला आणि मग तपासून पाहिलं. तपासायची तयारी नसेल तर न बोललेलं ऐकू नये, बोललेलंच नीट लिहून घ्यावं. आता एक विचारू? राग मानू नका. घरी ऐकता का असं? वहिनींचं?

आग्रही : नाही.

संशयी : बघा.

आग्रही : वहिनींचं राहू द्या, त्या वेळच्या वेळी वसूल करतात. आईचं सांगतो. शेवटच्या वर्षी तिचं सगळं गळालं होतं, एकच आठवण उरली होती : लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना पंढरपूरच्या स्टँडवर तिची एसटी चुकली ती. दिवसातून चार-पाच वेळा. दर वेळी ती म्हणायची, रात्री नऊची गाडी होती. मी म्हणायचो, आई, त्या मार्गावर रात्री नऊला गाडीच नव्हती, मी चौकशी केलीय. खरंच केली होती! अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधकांनी डॉक्टर आणि रुग्णांच्या चौऱ्याहत्तर भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्ण आपलं दुखणं सांगायला लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी अठराव्या सेकंदाला तोडत होते. आमच्या घरात कुणी घड्याळ लावलं असतं तर अठरा आलेच नसते. आई गेल्यावर मावशी भेटायला आली. ती म्हणाली, गाडी चुकली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर भर स्टँडात ओरडले होते. लोकांसमोर. ती रडत बसली तर एका अनोळखी बाईनं तिला आपल्या पदराखालचा पेढा काढून दिला. आईला गाडीची वेळ सांगायची नव्हतीच. मी अख्खं वर्ष वेळापत्रक घेऊन भांडलो. हेल्पलाइनवर मी बसतो ते फार परोपकारी म्हणून नाही, ताई.

संशयी : ...एक सांगू? तुम्ही ऐकलं असतंत तरी अण्णा ओरडले ते ओरडलेच होते.

आग्रही : हो. तुमचं म्हणणं तिथंही खरंच आहे. पण तिनं ते पाचशे वेळा सांगितलं. ऐकणाऱ्याच्या हातून काही होणार नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी सांगितलं. का, ते तुमच्या हिशेबात कुठं बसतं?

संशयी : नाही बसत. म्हणून मीही माझ्या हिशेबात न बसणारं एक सांगते, मग आपण निघू. एक म्हातारा शेतकरी दर महिन्याला अर्ज घेऊन यायचा. पहिला अर्ज जुलैतला. विषय : वहिवाटीचा रस्ता अडवल्याबाबत. मी आवक क्रमांक टाकायची, पोच द्यायची. अर्ज मंडळ अधिकाऱ्यांकडे, तिथून तलाठ्याकडे. तलाठी दिवाळीनंतर गेला, पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या : रस्ता मोकळा असून वहिवाट सुरू आहे. अर्ज निकाली. म्हातारा पुन्हा हजर, तोच अर्ज, तोच विषय. कचेरीत त्याची चेष्टा व्हायची, आले रस्तेवाले. मीही हसलेय. एप्रिलमध्ये एका दुपारी सर्व्हर बंद होता, वीज जाऊन-येऊन, हाताला काम नाही. मी त्याला म्हटलं, बाबा, बसा. रस्ता तर मोकळा आहे, मग काय होतंय? तो म्हणाला, ‘रस्ता कुठं म्हणतोय मी? शेजाऱ्यानं बांध चढवला. पाणी फुगून माझ्या रानात उभं राहतं. चार महिने जायला वाट उरत नाही.’ कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो, त्यानं ‘वाट उरत नाही’ एवढंच पकडलं होतं आणि रस्त्याचा तयार मजकूर लिहून दिला होता. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. तलाठी कोरड्या दिवसांत गेला, त्याला रस्ता कोरडा दिसला. कुणी खोटं बोललं नव्हतं. नऊ महिने आम्ही सगळे एका भलत्याच अर्जाचं काम नियमानं करत होतो. ‘माझं ऐकू नका, काम करा’ म्हणते ना मी? हे घ्या, न ऐकता केलेलं काम.

आग्रही : म्हणजे मग ऐकल्यावर...

संशयी : पूर्ण ऐका, तोडू नका. १९०६ च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्यात पाचवं कलम आहे. रस्ता अडवला तरी आणि नैसर्गिक पाण्याचा प्रवाह अडवला तरी दावा तहसीलदारांपुढेच चालतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणावा लागतो. बांध चढवला होता आधीच्या जूनमध्ये. मी ऐकलं एप्रिलमध्ये. मुदत डिसेंबरातच संपली होती. आता दिवाणी कोर्ट, वकील, पाच-सात वर्षं. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. डोकं हलवत होता. मग बांध चढवताना शेजारी काय काय बोलला ते त्यानं सांगितलं, आणि शेजारी म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ, हेही तेव्हाच कळलं. अर्धा तास बोलला असेल. उठताना हात जोडले. त्या दिवशीचा अर्ज त्यानं आणलेलाच होता, मी नेहमीसारखी सही केली आणि पोच पुढं केली. तो पोच टेबलावरच ठेवून गेला.

आग्रही : विसरला?

संशयी : मला वाटलं येईल पुढच्या महिन्यात, तेव्हा देऊ. नाही आला. पुढं पावसाळा लागला तरी आला नाही. तुम्ही म्हणाल, त्याला हवं होतं ते त्या अर्ध्या तासात मिळालं, कागदाची गरज संपली. मी म्हणेन, इथं काही होणार नाही हे त्याला त्या अर्ध्या तासात कळलं. नऊ महिने आम्ही ऐकलं नाही तोवर त्याला आशा होती. निवृत्त होताना टेबल आवरलं तेव्हा ती पोच खणात सापडली. आवक क्रमांक, तारीख, माझी सही. विषय तोच : वहिवाटीचा रस्ता अडवल्याबाबत. पाण्याचा अर्ज मी त्याला लिहून दिलाच नव्हता.